चाचांची कसम आणि घरातलं लग्न

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणानं प्रश्न पाठवलाय. दोन वर्षांपूर्वी भातशेतीच्या वाटणीवरून त्याच्या अब्बांचं आणि धाकट्या चाचांचं वाजलं. चाचांनी जमातीच्या चार माणसांसमोर कुराणावर हात ठेवला आणि म्हणाले, "अल्लाकसम, या घराचा उंबरा पुन्हा चढणार नाही." आता त्याच्या बहिणीचं लग्न ठरलंय. दादी अंथरुणाला खिळलीय, तीही त्याच घरात. चाचांना यायचंय, पण कसम मोडली तर अल्लाची पकड होईल म्हणून ते अडलेत. गावात प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणतं, आधी तीन रोजे धरा, मग जावा. कुणी म्हणतं, कुराणावरची कसम सुटतच नाही. कुणी म्हणतं, मशिदीला एक पंखा द्या, झालं. शेवटी त्यानं आणखी एक विचारलंय: दुकानाच्या गल्ल्यातले पैसे गेले तर नोकराला मशिदीत नेऊन कुराण उचलायला लावणं चालतं का?

उत्तर आधी देतो. चाचांनी लग्नाला यावं. आजारी आईला भेटायला तर लग्नाचीही वाट बघू नये, आजच निघावं. घरात पाऊल टाकलं की कसम मोडेल, मग कफ्फारा, म्हणजे मोडलेल्या कसमेची भरपाई, द्यावा, विषय संपला. चाचा हनफी असतील (हनफी, शाफई, मालिकी, हंबली हे सुन्नींचे चार इमामांचे चार मजहब) तर कफ्फारा आधी नाही, नंतर. मशिदीचा पंखा कफ्फाऱ्यात धरला जात नाही. आणि कुराणावर हात ठेवला म्हणून कसम कायमची बांधली जात नाही.

आता हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो. बेळगावात बसून मसले, म्हणजे धर्माच्या प्रश्नांची उत्तरं, सांगताना मला सतत एक गोष्ट दिसते: आपल्याकडे कसमेची भीती भरपूर आहे, पण नेमकी उलट्या जागी आहे. रागाच्या भरात घेतलेली कसम मोडायला माणसं थरथरतात. आणि तीच माणसं रविवार पेठेत एका पोत्यामागं दोन-तीन खोट्या कसमा खाऊन निवांत घरी जातात, जेवतात, झोपतात. शरियतचा हिशेब याच्या उलट आहे. पहिलीला कफ्फारा आहे. दुसरी इतकी मोठी की हनफी इमामांनी तिला कफ्फारासुद्धा ठेवला नाही.

हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, कसमा तीन तऱ्हेच्या. झालेल्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं सांगत घेतलेली ती गमूस. झालेल्या गोष्टीबद्दल आपल्या समजुतीनं खरी म्हणून घेतलेली, पण मागाहून चुकीची निघालेली ती लग्व. तिची पकड नाही. शाफईंकडे बोलण्याच्या ओघात जिभेवर येणारं "नाही वल्ला, होय वल्ला" हे लग्व धरतात, आणि हजरत आयशांचं म्हणणंही तसंच आलंय. तिसरी मुनअकिदा, म्हणजे पुढं काही करीन किंवा करणार नाही अशी मनापासून घेतलेली. कफ्फारा हिचा, आणि तोही मोडल्यावरच. चाचांची कसम या तिसऱ्या जातीची.

मग ती मोडावी का? कसम पाळणं हा मूळ नियम आहेच. कुराणातल्या सूरे नहलमध्ये (१६:९१-९२) पक्क्या केलेल्या कसमा मोडू नका असं सांगून, घट्ट कातलेलं सूत स्वतःच उसवून टाकणाऱ्या बाईचा दाखला दिलाय. पण सूरे बकरामध्ये (२:२२४) तितकंच स्पष्ट आहे की नेकी करणं, परहेजगारी आणि लोकांत समेट घडवणं यांच्या आड अल्लाचं नाव, कसमेच्या रूपानं, आणू नका. चाचा नेमकं तेच करून बसलेत. आईची खिदमत, भावाशी समेट, पुतणीच्या लग्नात उभं राहणं, तिन्ही नेकीची कामं आणि तिन्हींच्या आड अल्लाचंच नाव. हजरत अब्दुर्रहमान बिन समुरांना नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी सांगितलं की तू कसम घेतलीस आणि नंतर दुसरी गोष्ट जास्त भली दिसली तर ती भली गोष्ट कर आणि कसमेचा कफ्फारा दे. ही हदीस, म्हणजे नबींचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणून उलमा, म्हणजे धर्मपंडित, म्हणतात की गुनाहाची कसम, नातं तोडण्याची कसम, फर्ज सोडण्याची कसम पाळणं हाच गुनाह, मोडणं वाजिब, म्हणजे बंधनकारक. तीन दिवसांपेक्षा जास्त भावाशी अबोला धरणं हलाल नाही, हेही बुखारी-मुस्लिममध्ये आहे. चाचांना दोन वर्षं झाली.

हजरत अबू बकर सिद्दीकांचा किस्सा बहुतेकांनी जुम्म्याच्या खुतब्यात ऐकलेला असतो. मिस्तह हे त्यांचे गरीब नातलग, त्यांचा खर्च अबू बकरच चालवायचे. हजरत आयशांवर तोहमत आली तेव्हा मिस्तह त्या बोलणाऱ्यांत सामील होते. आपल्या लेकीवर आळ घेणाऱ्याला कोण पोसेल? अबू बकरांनी कसम घेतली की याला आता एक दाणाही देणार नाही. तेव्हा सूरे नूरची आयत (२४:२२) उतरली की तुमच्यातल्या ऐपतदारांनी नातलगांना, गरिबांना, मुहाजिरांना (हिजरत करून आलेल्यांना) न देण्याची कसम खाऊ नये, माफ करावं. अल्लानं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बकरांनी मिस्तहचा खर्च पुन्हा सुरू केला. वाटणीच्या भांडणात चाचांचं जे काही दुखलं असेल ते याहून मोठं असेल असं मला वाटत नाही.

पण चाचांना मी दुसरी गोष्ट सांगेन, कमी सांगितली जाणारी. ती मावशी-भाच्याची आहे. हजरत आयशा फार दानशूर होत्या. त्यांच्या एका व्यवहारावर भाचा अब्दुल्लाह बिन जुबेर बोलून गेले की त्यांनी हे थांबवावं, नाहीतर मी त्यांच्या हातावर बंदी आणीन. आयशांनी नजर, म्हणजे अल्लापुढचा नवस, मानली की जुबेरच्या पोराशी पुन्हा बोलणार नाही. अबोला लांबला. शेवटी मिस्वर बिन मख्रमा आणि अब्दुर्रहमान बिन अस्वद या दोघांनी इब्ने जुबेरांना आपल्या चादरींत झाकून आणलं, दारात सलाम करून विचारलं, आत येऊ का? "या," त्या म्हणाल्या. सगळेच येऊ? होय, सगळेच. भाचा सोबत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आत आल्यावर तो पडद्यामागं गेला, मावशीच्या गळ्यात पडून रडू लागला. बाहेरून हे दोघं तीन दिवसांची तीच हदीस आठवण करून देत राहिले. आयशा रडत म्हणत होत्या, मी नजर मानलीय आणि नजर कठीण असते. पण शेवटी बोलल्या. मग त्या नजरेपोटी त्यांनी ४० गुलाम आजाद केले, आणि पुढं ती गोष्ट आठवली की दुपट्टा भिजेपर्यंत रडायच्या. बुखारीत हे सारं आहे. लागतो त्याच्या कितीतरी पट मोबदला त्यांनी दिला, पण दार उघडलं. तुमच्या गावातही चादरीत झाकून आणणारी अशी दोन माणसं निघाली तर बरं.

आता कुराणावर हात ठेवण्याबद्दल. कसम शब्दांनी होते, हातानं नाही. अल्लाचं नाव किंवा त्याची सिफत (गुण) घेऊन बोललं की झाली, मग अल्लाकसम म्हणा, खुदाकसम म्हणा, की मराठीत देवाशपथ म्हणा आणि मनात अल्ला असू द्या. हनफींकडे तर नाव न घेता "कसम खाऊन सांगतो" म्हटलं तरी कसम होते. कुराणाची कसम पूर्वीच्या हनफी उलमांनी कसम धरली नव्हती, कारण तेव्हा तसा रिवाज नव्हता. नंतर रिवाज पडला तशी ती धरली जाऊ लागली, आणि बाकी तिन्ही इमामांकडे ती आहेच, कारण कुराण अल्लाचा कलाम आहे. पण तोंडानं काही न म्हणता नुसता हात ठेवला तर कसम होत नाही. चाचांची कसम झाली ती "अल्लाकसम" या शब्दामुळं. हात ठेवल्यानं ती दुप्पट झाली नाही, कफ्फाराही दुप्पट नाही. जोर देण्यासाठी तीनदा अल्लाकसम म्हटलं असतं तरी एकच.

आणि उरलेल्या सगळ्या शपथा? आईशपथ, गळ्याशपथ, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून, भाकरी हातात धरून, दर्ग्याच्या चौकटीला हात लावून, मोहरमात पंजासमोर उभं राहून. यातली एकही कसम होत नाही, मोडली तर कफ्फारा नाही. पण घेणं मना आहे, तौबा करावी. हजरत उमर एका काफिल्यात बापाची कसम खात होते, ते ऐकून हुजूरांनी, म्हणजे नबींनी, फर्मावलं की ज्याला कसम घ्यायची त्यानं अल्लाची घ्यावी, नाहीतर गप्प राहावं. हे सांगितलं की गावाकडं मंडळी नाराज होतात, विशेषतः पंजाचं काढलं की. आपल्या भागात मोहरम हिंदू-मुसलमान मिळून करतात, पंजासमोर दिलेला शब्द गावात मानतात, मला ठाऊक आहे. शब्द जरूर पाळा. कसम मात्र ती नाही.

एका बोलण्यापासून सांभाळा. "असं केलं तर मी मुसलमान नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत. हे तोंडातून काढणं मोठा गुनाह, आणि हनफींकडे पुढच्या कामाबद्दल असं म्हटलं तर ती कसमही होते, मोडली की कफ्फारा लागतो. "तुझ्या घरचं पाणी मला हराम" हेही तसंच. ते घरच्या बाईला उद्देशून म्हटलं तर मामला तलाकच्या दिशेनं जातो, आणि बायकोपासून दूर राहण्याची कसम घेऊन चार महिने उलटले तर हनफींकडे एक तलाके बाईन, म्हणजे निकाह तोडणारा तलाक, पडते (मूळ आयत २:२२६). असलं काही घडलं असेल तर लेखावर निभावू नका, तोंडातून निघालेले शब्द जसेच्या तसे लिहून घेऊन मुफ्तींकडे समक्ष जावा.

कसमेचा अर्थ लावताना रिवाजातली बोली बघतात. चाचा म्हणाले, उंबरा चढणार नाही. आपल्या बोलीत याचा अर्थ त्या घरात जाणार नाही. त्यामुळं मागच्या दारानं, गोठ्यातून किंवा जिथं उंबराच नाही अशा नव्या पडवीतून आत शिरलं तरी कसम मोडलीच. फिकहच्या जुन्या किताबांत हाच मसला आहे की अमक्याच्या घरात पाय ठेवणार नाही म्हणाला आणि घोड्यावर बसून आत गेला तर? तर मोडली. उलट, लग्न खानापूरच्या एखाद्या कार्यालयात असेल तर तिथं जाऊन बिर्याणी खाल्ल्यानं कसमेला धक्काही लागत नाही. ते घर नव्हे. पण मी चाचांना ही पळवाट सुचवणार नाही. दादी कार्यालयात नाही, घरात आहे. आणि एकदा मोडली की कसम संपली. नंतर रोज गेले तरी पुन्हा कफ्फारा नाही. हे सांगितलं की माणसांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, कारण दर खेपेला दहा जणांना जेवू घालावं लागेल अशी त्यांची समजूत असते. हां, विसरून गेले किंवा कुणी दबाव आणून नेलं तरी हनफींकडे कसम मोडलेलीच धरतात, शाफईंकडे नाही.

कफ्फारा सूरे माइदामध्ये (५:८९) आलाय. तुम्ही घरच्यांना जे मध्यम प्रतीचं खाऊ घालता तसं दहा मिस्कीनांना (गरिबांना) जेवण, किंवा त्यांना कपडे, किंवा गुलाम आजाद करणं. यातलं काहीच जमत नसेल त्यानं तीन दिवस रोजे. क्रम नीट बघा. पहिल्या तिन्हींत निवड आहे, रोजे त्यांच्यानंतर, आणि तेही ऐपत नसलेल्यासाठी. गुलामी उरली नाही, म्हणजे जेवण नाहीतर कपडे. आपल्याकडं मात्र कफ्फारा म्हटलं की माणूस पहिल्यांदा रोज्याकडं पळतो, कारण त्यात खिशाला हात लागत नाही. ज्याची भातशेती आहे, दारात गाडी आहे, त्याचे तीन रोजे नफल (ऐच्छिक) होतील, कफ्फारा डोक्यावर तसाच राहील. निपाणीत बिड्या वळून पोट भरणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. रोजच्या गरजा भागून दहा जणांच्या जेवणापुरतं उरत नसेल तर तिनं खुशाल रोजे धरावेत. तीन सलग धरायचे; मध्ये खंड पडला तर, हैज (मासिक पाळी) आला तरीसुद्धा, पुन्हा पहिल्यापासून. शाफईंकडे सलग धरणं बरं, पण सक्तीचं नाही.

जेवण घालायचं तर दहा जणांना दोन वेळा, पोटभर. सकाळी जे दहा जेवले तेच संध्याकाळी हवेत. सकाळी एक पंगत आणि संध्याकाळी दुसऱ्याच दहा जणांची, असं चालत नाही. दोन-चार वर्षांची पोरं मोजून दहाचा आकडा भरू नये, पोटभर जेवणारी माणसं हवीत. घरी पंगत मांडणं अवघड वाटत असेल तर प्रत्येकाला सदका-ए-फित्रइतके (रमजान ईदच्या दानाइतके) गहू, साधारण पावणेदोन किलो, किंवा त्याची किंमत. समजा गहू किलोला ४० रुपये धरला तर एकाचे ७० आणि दहांचे ७०० रुपये. खानापूरकडं घरात तांदूळच असतो. हनफींनी तांदूळ द्यायचा तर गव्हाच्या त्या किमतीत बसेल इतका द्यावा. एकाच गरिबाला दहा दिवस रोज एक हिस्सा दिला तरी चालतं, पण दहा दिवसांचं एकाच दिवशी त्याच्या हातात कोंबलं तर तो एकच हिस्सा धरला जातो. कपडे द्यायचे तर बहुतेक अंग झाकेल असा जोड हवा. नुसती टोपी किंवा रुमाल वाटून मोकळं होता येत नाही.

घेणारा जकातीला पात्र असा गरीब हवा. आपले आईबाप, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, नवरा-बायको यांना हा कफ्फारा देता येत नाही, सय्यद घराण्यातल्यांनाही नाही. गरीब भाऊ, बहीण, भाचा, पुतण्या यांना देता येतो, आणि त्यात नातं जपल्याचं पुण्यही आहे. मशिदीचा पंखा यात बसत नाही तो यामुळंच. कफ्फारा गरिबाच्या पोटात किंवा त्याच्या मालकीत जायला हवा, आणि मशीद काही मिस्कीन नव्हे. पंखा वेगळा द्या, उन्हाळ्यात मुसल्ली दुवा देतील. मदरशाच्या वसतिगृहातल्या गरीब मुलांसाठी देणार असाल तर देताना सांगा की ही कसमेच्या कफ्फाऱ्याची रक्कम आहे, म्हणजे ती बांधकामात जात नाही.

चाचा शाफई आहेत का, हेही बघून घ्या. खानापूर, बेळगाव भागात कोकणातून, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आलेली कोकणी घरं आहेत, ती शाफई. त्यांच्याकडं प्रत्येक गरिबाला एक मुद, साधारण ६०० ग्रॅम, त्या भागाचं मुख्य धान्य. म्हणजे इथं तांदूळच. पैसे नाहीत, शिजवलेली पंगत नाही, एकालाच दहा दिवस हेही नाही, दहा वेगळी माणसं. मात्र त्यांना धान्य कसम मोडण्याआधीही देता येतं, फक्त रोजे आधी धरता येत नाहीत. आधी की नंतर याचा गावात जो घोळ झालाय तो बहुधा इथूनच झालाय. आधी तीन रोजे हा सल्ला मात्र दोन्हीकडं चुकीचाच.

पुढच्यासाठी एक सोय सांगून ठेवतो. कसमेच्या शब्दांना लागूनच, न थांबता, इन्शाअल्ला म्हटलं तर ती कसम बांधत नाही, मोडण्याचा प्रश्नच येत नाही. रागीट माणसानं जिभेला ही सवय लावून घ्यावी. पण समोरचा तुमच्याकडून पक्का शब्द घेतोय, त्याचे पैसे अडकलेत, आणि तुम्ही तोंडातल्या तोंडात इन्शाअल्ला पुटपुटताय, तर ती सोय नव्हे, फसवणूक आहे. मुस्लिमच्या हदीसमध्ये आहे की कसम समोरचा ज्या अर्थानं घेतोय त्याच अर्थाची धरली जाते. जुलमातून कुणाचा जीव वाचवण्यासाठी मात्र शब्द फिरवता येतात. सुवैद बिन हंजलांनी शत्रूच्या तावडीत सापडलेल्या वाइल बिन हुज्रांना "हा माझा भाऊ आहे" अशी कसम खाऊन सोडवलं, तेव्हा हुजूर म्हणाले, तू खरंच बोललास, मुसलमान मुसलमानाचा भाऊ असतो.

आता ज्या कसमेची भीती वाटायला हवी तिच्याकडं येऊ. "अल्लाकसम, घरात पडलं नाही या भावात." निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून बेळगावच्या भाजी मार्केटपर्यंत हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. खरेदीचा भाव खोटा सांगून खाल्लेली ही कसम झालेल्या गोष्टीवरची आहे, म्हणजे गमूस. अब्दुल्लाह बिन अम्र यांच्या बुखारीतल्या हदीसमध्ये ती शिर्क, आईबापाशी वाईट वागणं आणि खून यांच्या रांगेत आलीय. हनफी, मालिकी, हंबली तिघंही म्हणतात की हिला कफ्फारा नाही, दहा जणांच्या जेवणानं हा डाग निघत नाही. तौबा करायची आणि ज्याचं बुडवलं त्याचं परत करायचं. शाफई कफ्फाराही लावतात, पण परतफेड त्यांच्याकडंही सुटत नाही. खरी कसमसुद्धा धंद्यात वारंवार खाऊ नये. हदीस आहे की कसमेनं माल खपतो आणि बरकत पुसली जाते.

बाजारातल्या कसमेहून वाईट एक आहे, ती शांतपणे, बॉलपेननं केली जाते. बाप वारला की वारसा वर्दी लागते, वंशावळ लागते. तलाठ्याकडं वंशावळ करताना बहिणींची नावं गाळायची, नोटरीपुढं प्रतिज्ञापत्र करायचं की आम्हा भावांशिवाय कुणी वारस नाही, आणि पहाणी उताऱ्यावर आपली नावं चढवून घ्यायची. बहीण सासरी चिकोडीला नाहीतर कोल्हापूरला, तिला कळतसुद्धा नाही. कधी हक्कसोडपत्रावर सही घेतात, तेव्हा तिला फक्त "इथं सही कर आपा" एवढंच सांगितलेलं असतं. सूरे निसामध्ये (४:११) मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा, पण ठरवलेला आहे, कुणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्या प्रतिज्ञापत्रात अल्लाच्या नावानं शपथ असेल तर ती गमूस, नसेल तरी खोटी साक्ष, आणि दोन्ही कबिरा, म्हणजे मोठे, गुनाह. अश्अस बिन कैस यांचा जमीन-विहिरीचा वाद हुजूरांपुढं आला. तुझे साक्षीदार आण, नाहीतर समोरच्याची कसम, असं त्यांनी सांगितलं. अश्अस म्हणाले, तो तर कसम खाऊन मोकळा होईल. तेव्हा फर्मावलं की जो खोटी कसम खाऊन मुसलमानाचा माल घेईल तो अल्लाला भेटेल तेव्हा अल्ला त्याच्यावर क्रुद्ध असेल. दुसऱ्या हदीसमध्ये कुणी विचारलं, किरकोळ गोष्ट असली तरी? म्हणाले, पिलूच्या झाडाची काटकी असली तरी. म्हणून त्या तरुणाला एक खासगी सूचना: तुमच्या भातशेतीच्या वाटणीत फुप्फूंची (आत्यांची) नावं होती का, तेही एकदा बघून घ्या. चाचांची कसम फार तर दहा ताटांत मिटते. हे मिटत नाही.

आता नोकराचं. इस्लामी कायद्यात पुरावा दावा करणाऱ्यावर आणि कसम नाकारणाऱ्यावर. म्हणजे गल्ल्यातले पैसे अमक्यानं नेले असं मालक म्हणत असेल तर आधी मालकानं पुरावा द्यायचा. पुरावा नसेल आणि नोकर इन्कार करत असेल तर त्याच्याकडून कसम मागता येते. ती अल्लाच्या नावानं, तोंडी, बस्स. हनफींकडं मुसलमानाच्या कसमेला जागा किंवा वेळेचा भार चढवणं गरजेचं नाही. मशिदीत नेणं, जुम्म्याला चार सफांसमोर उभं करणं, कुराण डोक्यावर ठेवायला लावणं, हे कसमेसाठी लागत नाही, माणसाला उघडं पाडण्यासाठी लागतं. संशय चार नोकरांवर आहे म्हणून चौघांना रांगेत उभं करून कुराण उचलायला लावणं तर अजिबात नको. दावा कुणा एकावर नेमका असला पाहिजे. आणि नोकर हिंदू असेल तर त्याला कुराण उचलायला लावणं हा वेडेपणा आहे. हिदाया या हनफी किताबात यहुदीकडून तौरात उतरवणाऱ्या अल्लाची, ईसाईकडून इंजील उतरवणाऱ्या अल्लाची कसम घ्यायला सांगितलंय, म्हणजे ज्याचा ज्यावर विश्वास त्याप्रमाणे. तुमचा शेजारी बेलभंडारा उचलतो तर तो त्याच्या पंचांचा मामला, तुम्ही त्याच्या हातात तो देऊ नका.

सरकारी कोर्टातही हा रस्ता आता नाही. १८७३ च्या जुन्या शपथ कायद्यात एक सोय होती, समोरच्यानं त्याच्या धर्मातली विशेष शपथ घेतली तर मला मान्य, असं पक्षकाराला म्हणता यायचं आणि त्यावर निकाल लागायचा. १९६९ च्या कायद्यात ती राहिली नाही. साक्षीदार देवाच्या नावानं शपथ घेतो किंवा तसं नको असेल तर प्रतिज्ञेवर सांगतो, दोन्हींचं वजन सारखं. मुसलमानानं तिथं "देवाच्या नावानं" म्हटलं तरी शरियतच्या दृष्टीनं ती अल्लाचीच कसम, हलकी समजू नका. खोट्या साक्षीला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, तो भाग वेगळा.

नोकरानं कसम घेतली की मालकानं गप्प बसायचं. त्याचा पगार कापायचा नाही, खडेबाजारभर "यानंच नेले, फक्त कुराण उचललं म्हणून सोडला" असं सांगत फिरायचं नाही. ती तोहमत झाली आणि तिचा हिशेब मालकाकडं मागितला जाईल. पुढं कधी खरा पुरावा हाती आला, कॅमेऱ्यात दिसलं किंवा पैसे कुठं गेले ते सापडलं, तर दावा पुन्हा मांडता येतो, आधीची कसम त्याच्या आड येत नाही. तोवर गल्ल्याची चावी एकाच माणसाकडं ठेवा आणि रोज रात्री दोघांनी मिळून मोजून वहीत सही करा.